दीपाच्या लग्नानंतर सागरला

॥ श्री रेवणसिद्ध प्रसन्न ॥

विटा, २८ मे २०२५

चि. सागर यास दादांचे अनेक आशीर्वाद.

त्रिशूरला सुखरूप पोचल्याचं आईला कळवलंस, मला नाही. असू दे. मिरजेच्या फलाटावर तू वर न बघता पाया पडलास, तेव्हाच कळलं की मी मांडवात चार माणसांत तुझ्या खोकल्यावरून बोललो ते तुझ्या मनाला लागलंय. फोनवर तू "बरं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलो. तू गेल्यावर इकडं काय काय झालं ते सांगतो. खोकल्याचा विषय काढणार नाही, असा शब्द तुझ्या आईला देऊन बसलोय.

पाचपरतावणाला दीपा येऊन गेली. तात्या आणायला गेले होते. आली ती तशीच चुलीपाशी बसली, जणू कुठं गेलीच नव्हती. बोरमाळ काही गळ्यातून काढली नाही. पलूसला आल्या-गेल्या बायका हातात घेऊन बघतात म्हणे. सासूबाईंनी विचारलं, कुठल्या सराफाची? तर म्हणाली, माझ्या भावानं स्वतः सोनं गाळून घडवून आणली. हे सांगताना तिचा आवाज असा होता की आई उठून आत गेली.

खरंच सांगतो, एप्रिलात तोळा लाखाला टेकला तेव्हा माझी झोप उडाली होती. पाव्हण्यांनी काही मागितलं नव्हतं, पण लेकीला मोकळ्या गळ्यानं कसं पाठवायचं? तूच म्हणालास, आजीचं मोडकं सोनं द्या, मी बघतो. वाकलेली वज्रटीक, एका कानाची बुगडी, लाख भरलेले काळपट मणी. आबांनी ते अडीनडीलाही मोडलं नव्हतं. तू ते नेलंस, सोन्याच्या तिप्पट चांदी घालून वितळवलंस, तेजाबात उकळून शुद्ध केलंस आणि ९१६ ची माळ करून आणलीस. वर गाळताना सोन्यात घट किती आली त्याचा हिशेब कागदावर लिहून दिलास. घरच्या माणसाला घटेचा हिशेब कोण देतं रे? तो कागद मी आबांच्या पासबुकात घडी घालून ठेवलाय.

पण त्या तेजाबावर तूच उभा राहिला असशील, हे माझ्या डोक्यातून जात नाही. घरचं सोनं म्हणून दुसऱ्या पोराच्या हातात दिलं नसणार. मी तुला ओळखतो.

बरं, लग्नाचं. आदल्या रात्री वळीव कोसळला, मांडवाचा एक कोपरा बसला, आणि तुझी सगळी मित्रमंडळी हळदीच्या अंगानंच वर चढली. कोइम्बतूरचा, विजयवाड्याचा, अमृतसरचा, सगळे आपल्यासारखेच सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले. तो तुझा बंगाली कारागीर तर मराठीचा एक शब्द येत नसताना पहाटेपर्यंत पंगतीची भांडी पुसत होता. सकाळी त्याला आईनं मसालेभात आणि वांग्याची भाजी वाढली, त्यानं तिसऱ्यांदा मागितला. आई अजून त्याचीच गोष्ट सांगते. आपल्या घरचं कार्य असं अख्ख्या देशातून आलेल्या पोरांनी उचललं, हे बघून मला काय वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही. आबा ७२ च्या दुष्काळात एक पिशवी घेऊन निघाले तेव्हा पुढच्या गावात पाणी तरी मिळेल का याची खात्री नव्हती. त्यांच्या नातीच्या अक्षतांना एवढी माणसं.

कानपिळीला तू जावईबापूंचा कान असा पिळलास की सगळा मांडव हसला. मीही हसलो. पण त्याआधी लाजाहोम झाला होता. दीपाच्या ओंजळीत तू लाह्या घालत होतास, होमाचा थोडा धूर तुझ्याकडं वळला आणि तू जो खोकायला लागलास, तो थांबेचना. भटजींनी मंत्र थांबवला. लाह्या खाली सांडल्या. दीपानं मुंडावळ्या बाजूला सारून तुझ्याकडं बघितलं. तुझ्या कपाळावरची शीर फुगलेली मी समोरून बघत होतो. पुणदीची आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "पोरगं लई खोकतंय रं." म्हणून मी तिथं बोललो. होमाच्या धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरले, खोकला मात्र तुला एकट्याला आला.

काढला शेवटी विषय. आता पूर्ण लिहूनच टाकतो.

मी दुकानावर होतो तेव्हा आमच्यात एक जोडीदार होता. तुला नाव माहीत आहे, आईपुढं घेऊ नको. पावसाळ्याचे दिवस, धुराडं तुंबलेलं, शेठ म्हणाले आजच्या आज माल काढून द्या. भांड्यातून तो तांबूस धूर उठला आणि खोलीतच राहिला. आम्ही तोंडाला ओले रुमाल बांधून काम उरकलं. तो संध्याकाळी ठणठणीत होता, आमच्याबरोबर जेवला, गूळ खाल्ला, पत्तेसुद्धा खेळला. मध्यरात्री उठून बसला. पडलं की श्वास लागतो म्हणाला. ओठ निळे पडले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हा वायू लगेच दाखवत नाही, काही तासांनी छातीत पाणी भरतं. तो वाचला, पण नंतर त्याला रेवणसिद्धाच्या पायऱ्या कधी एका दमात चढता आल्या नाहीत.

त्यामुळं सांगतो. रुमालानं तो धूर अडत नाही, ओला असो की कोरडा. कोरोनात वापरायचो ते मास्कही त्याला चालत नाहीत. तेजाबाचा हाच वायू शोषणाऱ्या डब्यांचा मास्क मिळतो तो घे आणि डबे वेळेवर बदल. भांडं धुराड्याखाली असल्याशिवाय तेजाब ओतायचं नाही. पंखा धूर बाहेर ओढणारा पाहिजे, छताचा पंखा तो खोलीभर फिरवतो. शेठनं घाई केली तर माझं नाव सांग. गुळानं घसा बरा वाटतो, छाती साफ होत नाही. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी करायची असते, हे आपल्या गावच्या आशाताईसुद्धा दारोदार सांगतात. तू तर हळदीच्याही आधीपासून खोकतोयस, आईनं फोनवर ऐकलंय.

झालं माझं भाषण. रागावू नको. घरात तुझ्याइतकं हे काम जाणणारा कोणी नाही, सोन्याचा कस काढण्यात, माझ्यापेक्षा तुझा टंच पक्का आहे हे मी बाजारात चार जणांना सांगतो. तू धंदा सोड असंही म्हणत नाही. या धंद्यानं आबांना जगवलं, मला जगवलं, दीपाला शिकवलं. नुसता एक फोटो काढ म्हणतोय.

खालच्या रानात टेंभू योजनेचं पाणी येतंय हे तू बघूनच गेलास. आमच्या लहानपणी त्या तुकड्यात कुसळं उगवायची. तात्या म्हणतात द्राक्ष लावू, मी म्हणतो आधी ऊस. तुझं मत कळव. आज ना उद्या तुला इकडं यावंसं वाटलं तर रान कोरडं नाही, एवढंच सांगायचं होतं. दबाव म्हणून लिहीत नाही.

बापूचं देणं निम्मं फिटलं. मांडववाल्याचे पैसे दिले. आहेराची वही आत्याकडं आहे, तुझ्या मित्रांचे पत्ते तेवढे पाठव, आई सगळ्यांना कुरड्या-पापड्या पाठवायच्या म्हणते. बंगाली पोराला वेगळा डबा आहे. जागरण-गोंधळ तुझ्याविना झाला. गोंधळ्यांनी तुझं नाव विचारलं आणि आईनं तुझ्या नावानं ओवाळलं. खरसुंडीचा अंगारा पाकिटात घातलाय, तो लाव, पण तपासणी केल्यावर.

जाताना दीपा म्हणाली, "दादा, सागऱ्याला रागावू नका, त्याला माझ्यासाठी सुट्टी कापून घ्यावी लागली." मी म्हटलं, मी कुठं रागावलोय? मला तो खोकला ऐकून रात्री उठून बसावं लागतं, एवढंच. आता तू इथं नाहीस, तरी उठतो.

आखाडात ती माहेरी येणार आहे, तेव्हा जमलं तर दोन दिवस ये. नाही जमलं तरी चालेल, पण त्याच्या आत छातीचा फोटो काढ. तिथल्या सरकारी दवाखान्यात जा, शेठला न विचारता जा, सकाळी लवकर जा. फोटो निघाला की मोबाईलवर पाठव, मी इथल्या डॉक्टरांना दाखवतो. मला पाठवायचा नसेल तर दीपाला पाठव, ती सांगेल मला.

आईचे आशीर्वाद आहेतच.

तुझे,
दादा