रॉकेलचा वास आला म्हणून रिस्लिंग ओतून देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतल्या पांढऱ्या वाइनवरच्या लेखात दोन विधानं अशी आहेत की त्यांवर विसंबून कुणीही चांगली बाटली मोरीत ओतून देईल. एक, पांढरी वाइन वर्षाच्या आत संपवावी. दुसरं, बाटलीतून रॉकेलसारखा वास आला तर ती खराब किंवा भेसळीची समजावी. पहिलं विधान बऱ्याच साध्या पांढऱ्या वाइनना लागू पडतं. ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, रिस्लिंगला दोन्ही लागू पडत नाहीत, आणि लेखात नाव रिस्लिंगचंच घेतलं होतं. आम्ही वाइन चाखण्याच्या आणि साठवण्याच्या कामातले आहोत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रिस्लिंग हे द्राक्षाचं नाव. मूळ जर्मनीतलं, ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातलं. रूसेल्सहाइम गावच्या १४३५ सालच्या हिशेबात त्याची रोपं घेतल्याची नोंद सापडते. आज जर्मनीत मोझेल आणि ऱ्हाइनगाऊ, फ्रान्समध्ये अल्सास, ऑस्ट्रियात वाखाऊ, ऑस्ट्रेलियात क्लेअर आणि ईडन व्हॅली ही त्याची मोठी ठिकाणं. रिस्लिंग म्हणजे गोड वाइन, असा आपल्याकडे समज आहे. गोड रिस्लिंग असते, पण ड्राय रिस्लिंगमध्ये द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबताना संपलेली असते. जर्मन लेबलवर त्यासाठी 'ट्रोकन' हा शब्द असतो. लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर ती सरळच ट्रोकन. ९ ग्रॅमपर्यंतही हा शब्द लावता येतो, पण मग आम्ल साखरेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त कमी असता कामा नये. म्हणजे ९ ग्रॅम साखर असेल तर आम्ल निदान ७ ग्रॅम हवं. इतकं आम्ल असलं की ती साखर जिभेला गोड लागतच नाही. 'काबिनेट' किंवा 'श्पेटलेझे' या शब्दांवरून मात्र गोडीचा अंदाज बांधू नये. ते तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलं होतं ते सांगतात, बाटलीत किती साखर उरली ते नाही. दुकानात उभं राहून ओळखायची सोपी खूण म्हणजे अल्कोहोलचा आकडा. ८ टक्क्यांच्या आसपास असेल तर साखर बरीच शिल्लक आहे. १२-१३ टक्के असेल तर बहुधा ड्राय.

आता चव. एक-दोन वर्षांची ड्राय रिस्लिंग ग्लासात ओतली की रंग जवळजवळ पाण्यासारखा, कडेला किंचित हिरवट. वासात कागदी लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पांढरं पीच, मागून जाईसारखं एखादं फूल. जालन्याच्या मोसंबीचा गोडवा तिच्यात नसतो, पण मोसंबीची साल बोटांत दुमडली की जो तेलाचा बारीक फवारा नाकात जातो, तो तिच्यात नेमका असतो. हे सुवास उगाच आठवत नाहीत. तिच्यातल्या सुगंधी द्रव्यांपैकी लिनालूल हे धन्यात असतं आणि जिरॅनिऑल गुलाबात. घोट घेतला की जिभेच्या दोन्ही कडा आवळतात आणि लगेच तोंडाला पाणी सुटतं. हे काम मुख्यतः दोन आम्लांचं: चिंचेतलं टार्टारिक आणि हिरव्या सफरचंदातलं मॅलिक. बऱ्याच पांढऱ्या वाइनमध्ये मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होऊ देतात, नव्या ओकच्या पिंपाचा वासही चढवतात. रिस्लिंगमध्ये सहसा यांपैकी काहीच करत नाहीत. त्यामुळे झाकायला काही उरत नाही. द्राक्ष बरं नसेल तर पहिल्या घोटाला कळतं. गिळल्यानंतर लिंबाची चव निदान पंधरा-वीस सेकंद टिकली पाहिजे. आंबटपणा आहे पण चव लगेच तुटते, अशी बाटली वर्षानुवर्षं ठेवून सुधारत नाही.

दोन-तीन वर्षांनी ही वाइन गप्प होते. फुलांचा वास ओसरलेला असतो, पुढचा अजून आलेला नसतो, नुसतं आम्ल समोर येतं. याच टप्प्यावर पुष्कळ लोक ती उतरली असं म्हणतात. थांबलं पाहिजे. चांगल्या बागेतली बाटली साधारण पाचव्या-सहाव्या वर्षापासून पुन्हा बोलू लागते: लिंबाच्या जागी लिंबाचा मुरांबा, भाजलेला पाव, मध, सुकं जर्दाळू. रंग सोनेरी होतो. आम्ल मोजलं तर फारसं घटलेलं नसतं, पण बाकीची चव भरल्यामुळे ते टोचत नाही. उत्तम बाटल्या वीस वर्षं आणि त्याहून अधिक काळ टिकतात. साध्या, स्वस्त बाटल्या नाही. त्या दोन-तीन वर्षांतच संपवाव्यात.

आणि याच वाटेवर तो रॉकेलचा वास येतो. स्टोव्हची वात पेटवण्याआधी यायचा ना, थेट तोच. पण रॉकेलशी त्याचा काही संबंध नाही. द्राक्षाच्या सालीत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. ती मोडून तयार झालेले घटक वाइनमध्ये साखरेला बांधलेले, म्हणजे वास न येणाऱ्या रूपात उतरतात. बाटलीत आम्लाच्या संगतीत ते हळूहळू सुटतात आणि त्यांच्यापासून टीडीएन नावाचं द्रव्य बनतं. लिटरमध्ये दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास असलं तरी नाकाला कळतं. इतर द्राक्षांतही ते थोडं बनतं, रिस्लिंगमध्ये सर्वांत जास्त. घडांवर ऊन जास्त पडलं तर ते वाढतं, म्हणून उष्ण भागातल्या रिस्लिंगला हा वास लवकर येतो. बुचाचाही परिणाम होतो. नैसर्गिक बूच टीडीएन बऱ्यापैकी शोषून घेतं, फिरकीचं झाकण शोषत नाही. क्लेअर व्हॅलीतल्या काही उत्पादकांनी एकत्र येऊन २००० सालच्या रिस्लिंगला फिरकीची झाकणं लावली, तेव्हापासून तिथे हेच झाकण रूढ आहे. त्यामुळे तिथल्या जुन्या बाटलीत हा वास ठळक असला तर नवल नाही.

मात्र त्या वासाचं सरसकट कौतुकही करता येत नाही, आणि मराठवाड्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. टीडीएन वयाने बनतं तसं उष्णतेनेही बनतं, आणि उष्णतेने झपाट्याने बनतं. थंड जागी दहा वर्षं राहिलेल्या बाटलीत रॉकेलबरोबर मध आणि भाजलेला पाव असतो. परभणी-नांदेडच्या एप्रिल-मे महिन्यांत कपाटात राहिलेल्या दोन वर्षांच्या बाटलीत नुसतं रॉकेल असतं, फळ उकडून गेलेलं असतं. म्हणून वास आला की लगेच निकाल देऊ नये. ग्लास हलवून दहा मिनिटं ठेवावा. मागून मध-लिंबू वर आलं आणि घोटाला धार असली तर बाटली म्हातारी आहे पण ठणठणीत आहे. काही वर आलं नाही आणि चव बोथट लागली तर ती उन्हाने गेली. कापून ठेवलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी रंग म्हणजे हवा शिरली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच बाधलं. हा वास कितीही हलवलं तरी जात नाही. तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर घाबरू नये. ते त्याच चिंचेतल्या आम्लाचं क्षार आहेत, थंडीने खाली बसतात आणि निरुपद्रवी असतात.

साठवणीसाठी १० ते १४ अंश तापमान हवं, आणि ते स्थिर हवं. जुन्या वाड्यांची तळघरं आपल्याकडे थंड मानली जातात, आणि बाहेर ४३ अंश असताना तिथे बरं वाटतंच. पण जमिनीखालचं तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं आणि मराठवाड्यात ती सरासरी पंचविशीच्या वर आहे. तिथे वाइन लगेच नासणार नाही, पण दुप्पट-तिप्पट वेगाने म्हातारी होईल. वाइनचा छोटा फ्रिज परवडत असेल तर उत्तम. बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात घालून त्यात ठेवाव्यात आणि वीज गेली की दार उघडू नये. तीन-चार तासांच्या भारनियमनाने बाटलीच्या आत फारसा फरक पडत नाही. घरचा साधा फ्रिज सहा महिने ते वर्षभर चालतो. त्याहून जास्त काळ ठेवल्यास कोरड्या हवेने बूच आकसतं, म्हणून बुचाची बाटली आडवी ठेवावी. फिरकीच्या झाकणाची उभी राहिली तरी चालते. आणि स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावर बाटली ठेवण्याची जी पद्धत आहे, ती कृपा करून सोडावी. घरातली ती सर्वांत गरम आणि थरथरणारी जागा.

खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी. मे महिन्यात ट्रकमधून आलेली बाटली दुकानाच्या एसीत गार लागली तरी वाटेत काय झालं ते हाताला कळत नाही. बूच काचेच्या कडेवर फुगून आलेलं, आवरणाखाली चिकट ओघळ, वाइनची पातळी मानेच्या बरीच खाली, किंवा पांढऱ्या कागदासमोर धरल्यावर लेबलवरचं वर्ष ताजं असूनही रंग गडद, यांतलं एक जरी दिसलं तरी ती घेऊ नये. काचेच्या दर्शनी कपाटातली, उन्हात उभी असलेली बाटली तर नकोच.

पिताना ताजी रिस्लिंग ८ ते १० अंशांवर आणि जुनी १० ते १२ वर असावी. फ्रिज ४-५ अंशांवर असतो. इतक्या गारठ्यात सुवास बंद होतो. हिवाळ्यात फ्रिजमधून काढून वीस मिनिटं थांबावं, उन्हाळ्यात पाच-सात पुरतात. घाईत असाल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली वीस मिनिटं बुडवावी. नुसत्या बर्फात ती तितक्या लवकर गार होत नाही, कारण बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात, पाणी चहूबाजूंनी टेकतं. एका वेळी ग्लासात दोन-तीन घोटच ओतावेत, नाहीतर आपल्याकडच्या हवेत शेवटचा घोट कोमट होतो. ग्लास तोंडाशी निमुळता असावा. स्टीलच्या पेल्यात वास कळत नाही. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस नीट राहते.

जेवणाबाबत लेखात 'तिखटाबरोबर रिस्लिंग' असं सरळ लिहिलं आहे. ते थोड्या गोड रिस्लिंगला लागू आहे. ड्राय रिस्लिंगबरोबर ठेचा किंवा काळ्या मसाल्याचं झणझणीत कालवण घेतलं तर अल्कोहोलने तिखट आणखी पेटतं. तिला जमतात ते कोवळा हुरडा आणि तिळाची किंवा शेंगदाण्याची सौम्य चटणी, लोणी लावलेली ज्वारीची भाकरी, जायकवाडीचा तळलेला मासा. माशावर लिंबू पिळायची गरज राहत नाही.

जालना, धाराशिव, लातूरकडच्या बागायतदारांकडून रिस्लिंग लावावी का, अशी विचारणा होते. आमचं मत: लावू नये. थंड हवेत हे द्राक्ष ऑक्टोबरपर्यंत सावकाश पिकतं, तेव्हा आम्ल आणि सुगंध दोन्ही राहतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, साखर भरण्याच्या ऐन वेळी, ऊन चढतं. घडातलं मॅलिक आम्ल जळतं आणि सालीवर ऊन बसून टीडीएनचा पाया तिथेच रचला जातो. त्यात घड घट्ट. अवकाळी पाऊस झाला तर आत पाणी अडकून कूज लागते. थॉम्पसन किंवा माणिक चमन या खाण्याच्या द्राक्षांचा अनुभव इथे कामी येत नाही.

पुढच्या रविवारच्या पुरवणीत निदान 'रॉकेलचा वास म्हणजे भेसळ' हे वाक्य दुरुस्त करावं, ही विनंती. हा वास आल्याची तक्रार घेऊन दुकानात जाणारा ग्राहक आणि त्याला उत्तर देऊ न शकणारा दुकानदार, दोघांनाही त्याची गरज आहे.

आपले नम्र,
वाइन चाखणी व साठवणीच्या कामातले काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर