दहाचा एक शेअर आणि वहीतले अठ्ठावीस रुपये

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "अरे, आपला शेअर पुढच्या महिन्यात बत्तीस रुपयांचा होतोय, अठ्ठावीसला घेतला होता, विकून मोकळे होऊ." एवढ्या वर्षांनी त्या शेअरबद्दल त्यांच्या आवाजात आनंद आला होता, म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. पण आईने पाठवलेला कंपनीच्या नोटिशीचा फोटो मी दोनदा वाचला आणि आता लिहिणे भाग आहे.

कंपनी करणार आहे ते शेअरचे एकत्रीकरण, म्हणजे रिव्हर्स स्प्लिट. १ रुपया दर्शनी मूल्याचे (म्हणजे बाजारभाव नव्हे, शेअरवर नोंदलेली मूळ किंमत) दहा शेअर काढून घेऊन त्यांच्या बदल्यात १० रुपये दर्शनी मूल्याचा एक शेअर दिला जाईल. बाबा, मार्केट यार्डात तुम्ही इतकी वर्षे दिवाणजी होता, तेव्हा तुम्हाला हे सांगायला मला संकोच वाटतो. पण पाच-पाच किलोच्या दहा पिशव्यांतली हळद पन्नास किलोच्या एका पोत्यात ओतली, तर पोत्याचे पैसे पिशवीच्या दसपट होतात आणि हळद मात्र तेवढीच राहते. आज ३ रुपये २० पैशांनी तुमच्या १२५२ शेअरचे ४००६ रुपये ४० पैसे होतात. उद्या १२५ शेअर ३२ रुपयांनी ४००० रुपयांचे होतील आणि वरच्या दोन शेअरचे सहा-साडेसहा रुपये वेगळे मिळतील.

खरी चूक होण्याची जागा तुमच्या लाल वहीत आहे. तिथे खरेदीभाव २८ लिहिलेला आहे, पण शेअर दहाचा एक झाला की खरेदीभावही २८० धरावा लागतो. म्हणजे ३२ ला विकलात तर प्रत्येक शेअरमागे चार रुपये नफा नव्हे, तर २४८ रुपये तोटा होईल. मोबाइलवरच्या ॲपमध्ये जुना भाव तसाच राहिला, तर तेही काही दिवस हिरव्या रंगात खोटा नफा दाखवील. एकत्रीकरणानंतर आयसिन क्रमांक, म्हणजे त्या शेअरचा ओळख क्रमांक, बदलतो, त्यामुळे मधले काही दिवस खात्यात शेअर दिसले नाहीत तरी घाबरू नका. आयकरासाठीही मूळ एकूण किंमतच नव्या शेअरवर वाटून घ्यायची असते.

कंपन्या हे का करतात, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या बाजारांत भाव दीर्घकाळ एका डॉलरखाली राहिला तर शेअरबाजारातली नोंदणी जाण्याची भीती असते. आपल्याकडे तशी किमान भावाची अट नाही. इथे बहुधा चिल्लर शेअर हा शिक्का पुसायचा असतो. मे २०११ मध्ये सिटीग्रुपने दहाचा एक केला, तेव्हा साडेचार डॉलरच्या आसपासचा भाव पंचेचाळीसच्या आसपास गेला, पण त्या दिवशी बँकेची मालमत्ता एका डॉलरनेही वाढली नव्हती. आपल्या कंपनीची विक्री, कर्ज आणि तोटा हे नोटिशीत कुठेच नाही. मला तरी या घाईत धंदा सुधारल्याची खूण दिसत नाही. शिवाय बाजारातले शेअर दहापटीने कमी होणार, त्यामुळे मनाजोगत्या भावाला गिऱ्हाईक मिळणे आणखी अवघड होऊ शकते. भांडवल कपात मात्र ही नव्हे. तिच्यात भरणा झालेले भांडवलच कमी केले जाते. इथे ते तसेच राहते, फक्त शेअरची संख्या घटते.

आता आई, तुझ्याविषयी. तुझ्या नावावर आठच शेअर आहेत, म्हणजे तुला एकही नवा शेअर मिळणार नाही. असे उरलेले तुकडे एकत्र करून एका विश्वस्ताकडे दिले जातात, तो ते बाजारात विकतो आणि ज्याच्या त्याच्या वाट्याची रक्कम खात्यात जमा होते. तुझ्या खात्यात पंचवीसेक रुपये येतील आणि तू भागधारक राहणार नाहीस. वार्षिक अहवालाचे जाड कागद तू डब्यांच्या तळाशी घालायचीस, ते आठवून मला हे उगीचच लागले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६१ प्रमाणे एकत्रीकरणाला सभेत ठराव लागतो, आणि त्यामुळे भागधारकांच्या मताधिकाराची टक्केवारी बदलत असेल तर कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरीही लागते, ती अशाच छोट्या भागधारकांसाठी.

यावर एक उपाय मात्र आहे. बाबांनी रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत हे कंपनी ज्या दिवशी मोजते त्या तारखेच्या, आधी दोन शेअर आईच्या डीमॅट खात्यात भेट म्हणून वर्ग केले, तर बाबांचे बरोबर १२५० उरतील, आईचे दहा होतील आणि कोणाचाही तुकडा पडणार नाही. सहा रुपये चाळीस पैशांच्या शेअरसाठी त्याहून जास्त शुल्क द्यावे लागेल, हे बाबांना रुचणार नाही, हे ठाऊक आहे. ते शुल्क मी देतो. शेअर वर्ग करायच्या स्लिपचे पुस्तक कपाटात पासबुकांखाली आहे. कोणी मागितली तरी कोरी स्लिप सही करून देऊ नका. मोबाइलवर ओटीपी येईल, तोही कोणाला सांगू नका. मी शनिवारी सांगलीला येतो, तेव्हा आपण तिघे बसून स्लिप भरू आणि लाल वहीत २८ च्या पुढे शून्य लिहू.

तुमचा आज्ञाधारक मुलगा