गुहेतला रब्बी आणि सिनायचा अब्बा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) आणि ख्रिस्ती संन्याशांच्या गोष्टी इतक्या जुळतात, मग कोणी कोणाचं घेतलं, असं तुम्ही विचारलंत. आधी कच्चे पुरावे बाजूला काढू. 'पिर्के आवोत' या रब्बींच्या वचनसंग्रहात शिमोन बेन गमलिएल मौनाची थोरवी सांगतो. इजिप्तमधला संन्यासी अब्बा (म्हणजे 'बाबा') आर्सेनियस म्हणतो, बोलल्याचा पस्तावा अनेकदा झाला, गप्प राहिल्याचा कधीच नाही. यातून काही सिद्ध होत नाही. मौनाचं कौतुक कुठे नाही?

आता गुहेतल्या रब्बीची गोष्ट बघा. तालमुद म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ; त्याच्या बाबिलोनी (आजच्या इराकमधल्या) आवृत्तीत, शब्बाथ प्रकरणात (पान 33ब), रब्बी शिमोन बार योहाय रोमनांच्या भीतीने मुलासह गुहेत लपतो. कॅरोबचं (गोड शेंगांचं) झाड आणि झरा तिथेच उगवतात. कपडे झिजू नयेत म्हणून दोघं ते उतरवून गळ्यापर्यंत वाळूत बसतात, दिवसभर अध्ययन करतात आणि फक्त प्रार्थनेपुरते कपडे घालतात. अशी 12 वर्षं जातात. बाहेर येतात तर लोक नांगरताहेत, पेरताहेत. बार योहाय म्हणतो, शाश्वत जीवन सोडून हे क्षणाच्या जीवनामागे लागलेत! या बापलेकांची नजर पडेल ते जळून जातं. मग आकाशवाणी होते: माझं जग उद्ध्वस्त करायला बाहेर आलात? परत गुहेत जा. आणखी 12 महिने!

सिनायचा अब्बा सिल्वानस 4थ्या शतकातला. त्याच्याकडे आलेला एक पाहुणा भिक्षू इतरांना राबताना बघून म्हणतो, नाशवंत अन्नासाठी कष्ट करू नका. सिल्वानस त्याला एक पुस्तक देऊन खोलीत बसवतो. तिसरा प्रहर होतो, पण जेवायला कोणी बोलावत नाही. विचारल्यावर उत्तर मिळतं: तू आध्यात्मिक माणूस, तुला कशाला अन्न? आम्ही देहाची माणसं, म्हणून राबतो. आई, तुला हा सिल्वानसच जास्त आवडेल. जाळपोळ नाही, नुसता उपास!

इथे एखादी प्रतिमा नव्हे, गोष्टीची घडणच जुळते: एकांतातलं अध्ययन, कष्टकऱ्यांचा तिरस्कार आणि त्यावर कानउघाडणी. तरी घाई नको. हीच गोष्ट पॅलेस्टाइनमध्ये रचलेल्या, आधीच्या यरुशलेमी तालमुदात (शेविइत प्रकरण) काढून शेजारी ठेवायची. तिथे 13 वर्षं गुहा आणि कॅरोब आहेत, पण नांगरणाऱ्यांवरचा राग आणि जाळणारी नजर नाही. म्हणजे ही भर नंतरची, बाबिलोनियातली. संन्याशांच्या गोष्टींशी तुलना करायची ती या वाढीव भागाची.

पुढची पायरी म्हणजे वाट शोधणं. बाबिलोनियातल्या ज्यूंची अरामी आणि तिथल्या ख्रिश्चनांची सिरियाक या भाषा म्हणजे सख्ख्या बहिणी. इजिप्तमधल्या मठांत जाऊन आलेल्या कश्करच्या (बाबिलोनियातल्या गावच्या) अब्राहम या भिक्षूने 571 मध्ये निसिबिस शहराजवळ इझला डोंगरावर मोठा मठ काढला. गोष्टी इकडून तिकडे जायला एवढी जवळीक पुरे.

सगळ्यात जास्त चुकतं ते काळाच्या हिशेबात. बार योहाय 2ऱ्या शतकातला, म्हणून त्याची गोष्ट जुनी, असं लोक धरून चालतात. पण या रूपातली गोष्ट त्याच्यानंतर कित्येक पिढ्यांनी लिहिली गेली. संन्याशांची वचनंही 5व्या शतकाच्या शेवटाकडे संकलित झाली. माणसाचं शतक आणि मजकुराचं शतक वेगळं मोजायचं.

मग 'कोणी घेतलं'? माझं मत असं, की दोन्हीकडे एकच वाद जिवंत होता, देवाच्या माणसाने हाताने काम करावं का, आणि त्यासाठी रचलेल्या गोष्टी शेजाऱ्यांच्या कानावर जात होत्या. यापुढे जाऊन 'हे वाक्य तिथून उचललं' म्हणायला मी तयार नाही. सॅम्युएल सँडमेल या अभ्यासकाने 1962 मध्ये अशा साम्यवेडावर (जिथेतिथे साम्य शोधण्यावर) चांगलंच झोडपलं होतं.

बाकी फोनवर बोलू.

तुमची,
लेक