यलोस्टोनचा मुक्काम ठरला, त्याबद्दल सविस्तर

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणून मोकळे होतात आणि आई लगेच पिल्लू जेवलं का ते विचारते. म्हणून शेवटी लिहायला बसले. दोघांनी शेजारी बसून वाचा. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आईचा नवा चष्मा अजून आलेला नसणार.

यलोस्टोनला आपण राष्ट्रीय उद्यानाच्या, म्हणजे पार्कच्या आत राहणार नाही आहोत. उत्तरेच्या प्रवेशद्वाराला लागून गार्डिनर नावाचं छोटं गाव आहे, तिथे जुलैसाठी एक घर घेतलं आहे. पैसे भरून झालेत.

बाबा, तुम्हाला ओल्ड फेथफुल इनमध्येच राहायचं होतं, हे मला कुणी सांगायला नको. तुमच्या कात्रणांच्या वहीतलं ते ओंडक्यांचं हॉटेल बघतच मी मोठी झाले. ते १९०४ साली उघडलं, १९५९ च्या भूकंपात त्याची चिमणी कोसळली, १९८८ च्या वणव्यात आग पार जवळ येऊनही ते वाचलं, हे सगळं मला तुमच्याकडूनच कळलं. त्यामुळे दुसरीकडे पैसे भरताना हात जड झाला होता. तरी भरले. का, ते नीट सांगते.

आतल्या हॉटेलांचं बुकिंग वर्षभराहूनही आधी उघडतं आणि उन्हाळ्यातल्या खोल्या भराभर जातात. तुमच्या व्हिसाचं नक्की होईपर्यंत आपल्याला हलताच येत नव्हतं. पण लोकांचे बेत बदलतात, कुणी बुकिंग रद्द करतं, मग त्या खोल्या पुन्हा दिसायला लागतात, बहुधा एखाद-दोन रात्रींपुरत्या. मी सकाळी उठल्याउठल्या तेच बघत होते. आणि एके दिवशी खरंच इनमधली खोली दिसली. जुन्या भागातली, वरच्या मजल्यावरची. त्या भागात लिफ्ट नाही, आणि त्या खोलीला स्वतःचं बाथरूमही नव्हतं. कॉरिडॉरमधून चालत जायचं, तिथे सगळ्यांसाठी मिळून.

ती खोली मी सोडली, बाबा. ऑपरेशनपासून तुम्ही रात्री कितीदा उठता ते मागच्या दिवाळीत मी बघितलंय. अंधारात भिंतीला हात लावत जाता, आईला जाग येऊ नये म्हणून दिवाही लावत नाही. घरात ते चालतं, तिथली प्रत्येक भिंत तुमच्या हाताला ठाऊक आहे. परक्या ठिकाणी, रात्री, थंडीत तुम्ही एकटे त्या कॉरिडॉरमधून चालताय हे डोळ्यांसमोर आलं आणि मी पुढे गेलेच नाही. "आम्ही काय कमी हाल काढलेत का," असं तुम्ही म्हणाल. काढलेत, आणि आमच्यासाठी काढलेत. आता सुट्टीत तरी ते नकोत.

दुसरं कारण उंचीचं. पार्कचा बराचसा भाग २,००० मीटरच्या वर आहे. ओल्ड फेथफुल, म्हणजे तो गरम पाण्याचा फवारा आणि त्याच्याजवळचं इन, साधारण २,२४० मीटरवर, पार्कमधल्याच कॅनियन आणि लेक या ठिकाणांची हॉटेलं त्याहूनही वर. गार्डिनर मात्र १,६०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंसं उंच. दिवसा वर फिरून यायचं आणि झोपायला खाली यायचं, हे बाबांच्या छातीला जास्त मानवेल. पहिला दिवस तर मी मोकळाच ठेवलाय. त्या दिवशी कुठेही जायचं नाही, नुसतं अंगणात बसायचं.

आता घर. आई, हा भाग तुझ्यासाठी, सावकाश ऐक.

घर तळमजल्यावर आहे. दारात एकच पायरी, तीही बुटकी. झोपायच्या खोल्या दोन. तुमची मागच्या बाजूला, बाथरूम खोलीला लागूनच. इथल्या बऱ्याच घरांत अंघोळीला टब असतो आणि त्याची कड ओलांडून आत जायचं म्हणजे गुडघा चांगलाच वर उचलावा लागतो. तुझ्या उजव्या पायाला ते होणार नाही. पहिली दोन घरं मी तेवढ्यावरच नाकारली. या घराच्या मालकीणबाईंना मी फोन करून विचारलं, तर त्यांनी शॉवरच्या उंबऱ्याला टेप लावून फोटो पाठवला. चार बोटंसुद्धा नाही. भिंतीला धरायला दांडा आहे. आत बसायला प्लास्टिकचं स्टूल मी इथून नेणार आहे, आणि तुझा तो मगही. तू विचारायच्या आधीच सांगून टाकते.

स्वयंपाकघर आहे, हे सगळ्यांत महत्त्वाचं. आतल्या हॉटेलांच्या खोल्यांत स्वयंपाकाची सोय नसते, तिन्ही वेळा रेस्टॉरंट किंवा उपाहारगृह गाठायचं, रांगेत उभं राहायचं. बाबांच्या गोळ्या जेवणाच्या वेळेशी बांधलेल्या, आणि बाहेरच्या सूपमध्ये मीठ किती आहे कुणाला माहीत. इथे तू पहाटे उठून तुझा चहा करू शकशील, कुणाला विचारायला नको. कुकर, मसाल्याचा डबा, मूगडाळ, तांदूळ मी गाडीतून आणते. तू बॅगेत काहीही कोंबू नकोस, लोणच्याची बरणी तर अजिबात नाही. फक्त एक लक्षात ठेव: फोडणी करताना खिडकी उघडायची आणि चिमणी लावायची, नाहीतर धुराचा अलार्म कान किटवतो.

टीव्ही आहे, फोनला रेंज आहे. आतल्या हॉटेलांत खोलीत टीव्ही नसतो आणि रेंजचा भरवसा नसतो. बाबांना सकाळच्या बातम्या मिळतील, तुला मावशीशी बोलता येईल. एसी नाही, पण तो लागणारच नाही. जुलैतसुद्धा रात्री स्वेटर घालावा लागतो. जास्तीचे रग मागून ठेवलेत.

दवाखान्याचंही बघून ठेवलंय. गार्डिनरपासून आठ किलोमीटरवर, पार्कच्या आतच, मॅमथला दवाखाना आहे आणि तो बारा महिने चालू असतो. मोठं रुग्णालय लिव्हिंगस्टन गावात, साधारण तासाभरावर. गरज पडणार नाही. पण मला माहीत असलेलं बरं.

२०२२ च्या जूनमधला पुराचा तो व्हिडिओ दादाने तुम्हाला पाठवलाच असेल, रस्ता नदीत वाहून जातोय तो. हो, तो गार्डिनर ते मॅमथचाच रस्ता. पण त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर डोंगराच्या बाजूने दुसरा डांबरी रस्ता सुरू झाला. आपण त्यानेच जाणार. चढाचा आणि वळणांचा आहे, आईने पुढे बसायचं, म्हणजे मळमळणार नाही.

या जागेची खोट काय तेही सांगते, नाहीतर तिथे पोचल्यावर बाबा मनातल्या मनात किलोमीटर मोजत बसतील. ओल्ड फेथफुल इथून नव्वद किलोमीटर. वेग हळू ठेवावा लागतो, मध्येच गवे, म्हणजे तिथले बायसन, रस्त्यावर उभे राहिले की सगळ्या गाड्या थांबतात, त्यामुळे एका बाजूला दोन तास धरायचे. त्या दिवशी सहाला घर सोडू, बाबा तसेही पाचला उठलेले असतात. पण बाबा, लामारचं खोरं इथून जवळ पडतं! १९९५ मध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडले, ते तिथेच. लांडगा दिसायचा तर उजाडताना दिसतो, आणि ओल्ड फेथफुलला राहिलो असतो तर त्या वेळी लामारला पोचणं तुम्हाला झेपलं नसतं. तुमची दुर्बीण आणा. लेन्सला बुरशी आली असेल तर आत्ताच साफ करून घ्या.

आणि इन बघायचं राहणार नाही. त्याचा मधला मोठा हॉल सगळ्यांना खुला असतो. दुपारभर तिथे बसू. तो दगडी फायरप्लेस, वरपर्यंत गेलेले ते वाकडेतिकडे लाकडाचे खांब, सगळं खुर्चीत बसून बघा, हवा तेवढा वेळ. तळमजल्याच्या वरच्याच मजल्यावर बाहेर गच्ची आहे, तिथून गरम पाण्याचा फवारा दिसतो. दिवसा, तुमचा हात धरून, जिना सावकाश चढू, वाटलं तरच. फवारा साधारण दीड तासाने उडतो आणि पुढची अंदाजे वेळ तिथे लिहिलेली असते. समोर बाक आहेत. आई, एकदा चुकला तरी बसल्याबसल्या पुढचा दिसेल, धावपळ करायची नाही.

काल रात्री हे सगळं जुळवताना नवेगावचं विश्रामगृह आठवलं. बाबांनी पत्रांमागून पत्रं पाठवून मिळवलेलं. खिडकीला काच नव्हती, तर आईने तिची निळी साडी दुहेरी करून बांधली, आणि आम्हा दोघांना मध्ये घेऊन तुम्ही दोघं कडेला झोपलात. कुठला प्राणी दिसला ते मला आज नाही आठवत. आईच्या दंडावर डोकं ठेवलं होतं आणि बाबा हळू आवाजात बाहेरचा प्रत्येक आवाज कुणाचा ते सांगत होते, एवढं आठवतं. तेव्हा कुठे झोपायचं हा विचार मला कधी करावा लागला नाही. आता तो तुम्ही करायचा नाही. आई गं, तुझ्या कुशीत एक रात्र तरी झोपणार आहे मी, पिल्लू कितीही भांडलं तरी.

बाबा, डॉलरला रुपयांनी गुणू नका. तरी तुम्ही विचारणारच म्हणून सांगते: आतल्या हॉटेलात आपल्याला दोन खोल्या लागल्या असत्या, वर रोजचं बाहेरचं जेवण. त्या मानाने हे घर महाग पडलेलं नाही. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना यलोस्टोनमध्ये नेहमीच्या प्रवेशशुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त पडतात, त्याऐवजी २५० डॉलरचा वार्षिक पास निघतो. वर्षभरात पुढे आणखी कुठे जायचं झालं तर पासच परवडेल, म्हणून तोच काढू. हा हिशेब माझ्याकडे आणि तुमच्या जावयांकडे राहू दे. तुम्ही पाकीट काढलंत तर मला खरंच वाईट वाटेल.

आता कामाचं, आणि यात कुरकुर चालणार नाही.

या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. त्यांना "अमेरिकेला जातोय" एवढंच सांगू नका, उंची सांगा: मुक्काम १,६०० मीटरवर, दिवसा २,४०० पर्यंत, कधी थोडं जास्त. गोळ्यांत काही बदल करायचा का, ते त्यांनाच विचारा. दादाच्या मित्राच्या सल्ल्याने कुठलीही गोळी सुरू करायची नाही. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून घ्या, इथे ब्रँडची नावं वेगळी असतात. औषधं हातातल्या बॅगेत, जास्तीच्या दोन आठवड्यांसकट. विम्याच्या फॉर्मवर बाबांचं ऑपरेशन आणि आईची साखर, दोन्ही लिहा. काहीही लपवायचं नाही.

आई, तू बाहेर पडलीस की पाणी पीत नाहीस, बाथरूम कुठे मिळेल या भीतीने. तिथे असं केलंस तर चक्कर येईल. पार्कात ठिकठिकाणी शौचालयं आहेत. बरीचशी साधी, पाणी नसलेली, पण मी सगळं सामान घेऊन तुझ्या सोबत असेन. पाणी प्यायचं म्हणजे प्यायचं.

बाबा, गव्यापासून निदान २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यापासून ९१ मीटर लांब राहायचं, हा तिथला नियम आहे. फोटोसाठी "अजून दोन पावलं" नाही. गरम झऱ्यांपाशी लाकडी वाटेवरून खाली एक पाऊलही टाकायचं नाही. वरचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी. पिल्लूचा हात तुमच्या हातात असणार आहे, म्हणून जरा कडक शब्दांत लिहिलं. रागावू नका.

दोघांनीही नवे बूट आत्ताच घ्या आणि रोज संध्याकाळी अर्धा तास तेच घालून चाला, म्हणजे तिथे चावणार नाहीत. आईने चपलेचा हट्ट धरू नये. कानटोप्या दोन. आणि रविवारपासून बाबांचं बीपी सकाळ-संध्याकाळ लिहून दर शनिवारी मला फोटो पाठवायचा, आकडा चांगला असो वा नसो.

घराबद्दल काहीही खटकलं तर या महिन्यात सांगा, तोवर बदलता येतं. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, ती कात्रणांची वही बॅगेत ठेवा. वजन जास्त झालं तर माझ्यासाठी घेतलेल्या साड्या काढा, वही काढू नका.