पाचर मारून गेलेल्या मिस्त्रींना

मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

तीन आठवडे झाले, तुमचा फोन लागत नाही. आधी वाटलं, आमच्या आईच्या बोलण्याचा राग आला असेल. मग प्लायवुडवाल्यानं सांगितलं की पंचवटीतली खोली सोडून तुम्ही पेठकडे गावी गेलात आणि तिथं रेंज डोंगरावर चढल्याशिवाय येत नाही. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितेय. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण "पाचर मारणारे मिस्त्री" म्हटल्यावर ओळखणारे नाशकात दहा तरी निघतील, आणि त्यातलं कुणीतरी तुम्हाला हे वाचून दाखवेल.

ओळख पटावी म्हणून सांगते. पाथर्डी फाटा, बिनलिफ्टची बिल्डिंग, तिसरा मजला, ४१० चौरस फुटांचा वन बीएचके. मी, आई, जिलबी आणि ठोंब्या ही दोन कुत्री, आणि सुभेदार बोका. आई कुणालाही सांगते, "घर त्या तिघांचं, आम्ही पोटभाडेकरू." तुम्ही पहिल्याच दिवशी शेपटीकडे बघून जिलबीचं नाव ओळखलं होतं. ठोंब्याचं नाव ओळखायला तर दोन मिनिटंही लागली नाहीत.

तुम्हाला का बोलावलं होतं, ते तेव्हा नीट सांगितलं नाही. "मांजरासाठी फळ्या मारायच्यात" एवढंच म्हणाले. खरं कारण असं की त्याआधी दहा दिवस सुभेदार मरता मरता वाचला होता. सकाळपासून तो चारदा त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला, कण्हला, उठला, माती कोरडी. आई म्हणाली, पोट साफ होत नसेल, एरंडेल दे. नशीब, दिलं नाही. बोक्याची मूत्रनलिका मांजरीपेक्षा अरुंद असते. ती तुंबली की शरीरातली घाण रक्तात साचते, पोटॅशियम चढतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. हे सगळं मला रात्री साडेदहाला दवाखान्याच्या स्टीलच्या टेबलाशी उभं राहून कळलं. डॉक्टरांनी नळी घातली, तीन दिवस ठेवून घेतलं. घरी सोडताना औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "ट्रे कुठं ठेवता?" म्हटलं, बाथरूमसमोरच्या बोळात. "आणि तिथं झोपतं कोण?"

जिलबी झोपते. घरातली सगळ्यात गार फरशी तिथली.

म्हणजे सुभेदार तिला ओलांडून जाण्यापेक्षा लघवी रोखून धरत होता. किती महिने, देव जाणे. ताणानं बोक्यांच्या मूत्राशयाला सूज येते, असं डॉक्टर म्हणाले. मला तर वाटायचं आमच्याकडे भांडण नावाला नाही. तिघं एका गादीवर झोपलेल्यांचे फोटो आहेत माझ्याकडे! फोटोत बोळ येत नाही.

तुमच्या आधी दोघं येऊन गेले होते. एकानं कॅटलॉग दाखवला, त्यात मांजराचं गुबगुबीत झाड होतं. ते आमच्या हॉलमध्ये ठेवलं असतं तर आईला जिन्यात जाऊन शिवणकाम करावं लागलं असतं. दुसऱ्यानं ड्रिल काढलं, तेवढ्यात त्याला भाडेकरार दाखवला. भिंतीला एकही भोक पाडायचं नाही, मालकांनी वेगळ्या ओळीत टाइप करून घेतलेलं. तो ड्रिल गुंडाळून गेला तो गेलाच.

तुम्ही दारातूनच विचारलंत, "कुत्री बांधलीत का?" मी म्हटलं, काही करत नाहीत. तुम्ही म्हणालात, "सगळे असंच म्हणतात." मग पिशवी खाली न ठेवताच सांगितलंत, आठ वर्षांचे असताना गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, घाटावर एकानं पोटरी फोडली होती आणि सरकारी दवाखान्यात बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतली होती. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस. आपल्याकडे ती २००५ च्या सुमारास बंद झाली, आता दंडावर चार-पाच टोचण्यांत भागतं. पण पन्नास वर्षांनंतरही तुमचा हात बोलता बोलता पोटाकडे गेला, ते मी पाहिलं. तुम्ही दोघांची लसीची पुस्तकं मागितलीत, चष्मा लावून रेबीजची तारीख वाचलीत आणि मगच चप्पल काढलीत. मला त्याचा अजिबात राग आला नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांनी हे करावं.

त्यानंतर दोन तास तुम्ही आईच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर नुसते बसून राहिलात. टेप काढली नाही, पेन्सिल कानावरच. दोन चहा झाले. आई आत येऊन मला म्हणाली, "हा बसण्याची मजुरी लावणार बघ." (हेच ते बोलणं, ज्याचा राग आला असेल असं मला वाटत होतं. भिंती पातळ आहेत.) पण तुम्ही बघत होतात. कुत्र्याला घाबरणारा माणूस कुत्र्यावरून नजर काढत नाही. ठोंब्या कुठून उठतो, कुठं टेकतो, जिलबी कोणत्या आवाजाला कान टवकारते, तुम्हाला सगळं दिसत होतं. आम्ही पाच वर्षं लाड करत होतो आणि आम्हाला दिसलं नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "ताई, जागा कमी नाही. वाट एकच आहे. तिघंबी तिच्यावरनंच जातात. मांजराची वाट वरनं काढू."

मापंसुद्धा तुमची निराळीच. नाशिककर पूर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात; गुडघ्याला लागला, कंबरेला लागला, गळ्याशी आला. तुम्ही आमचं घर ठोंब्याच्या नाकावर मोजलंत. कागदावर फूट-इंच नव्हतेच. "ठों. नाक", "जि. उभी", "जि. उडी" असं लिहिलेलं. जिलबी मागच्या दोन पायांवर उभी राहिली की कुठपर्यंत पोचते, हे बघायला तुम्ही चकलीचा तुकडा उंच धरलात, आणि तिनं तो घेतला तेव्हा डोळे मिटून घेतलेत. तो कागद मी जपून ठेवलाय.

आणि मग पाचर. आमच्यात कुणी पाचर मारली म्हणजे कुणाचं तरी लग्न मोडलं, नाहीतर बदली अडली. तुम्ही जुना वाडा पाडताना निघालेले सागवानी वासे आणलेत, फरशीपासून स्लॅबपर्यंत बरोबर बसतील असे कापलेत, वर-खाली रबराचा तुकडा ठेवलात आणि खालून पाचर ठोकलीत. तीन वासे उभे. एक खिळा भिंतीत नाही, मालकांचा कागद शाबूत. त्या वाशांवर दहा इंच रुंद फळ्या. आईच्या शिलाई मशीनपासून कपाटावर, तिथून खिडकीवरून, मग माळ्याखालून थेट बाथरूमच्या टोकापर्यंत. कुठंही कोंडी नाही. मी म्हटलं होतं, शेवटची फळी सोडू, खर्च वाचेल. तुम्ही मान हलवलीत. एका बाजूनं अडलं तर दुसऱ्या बाजूनं उतरता आलं पाहिजे, नाहीतर ती वाट नाही, पिंजरा. मधल्या वाशाला काथ्या गुंडाळून दिलात, नखं घासायला. त्या दिवसापासून सोफा वाचला. अर्धाच उरला होता, पण तेवढा वाचला.

सुभेदार आता दिवसभर वासे मोजत फिरतो. खाल्ल्या घरचे. आईचा हा रोजचा विनोद, तुम्हीही सहन करा.

त्याचं ताटही वर गेलं. आधी निम्मं ठोंब्याच्या पोटात जायचं आणि सुभेदार नाइलाजानं कुत्र्यांच्या वाटीत तोंड घालायचा. कुत्रा टॉरिन नावाची गोष्ट शरीरात तयार करू शकतो, मांजराला ती अन्नातूनच मिळावी लागते. नाही मिळाली तर डोळे आणि हृदय जातं. म्हणजे एका वाटीत दोघांना जेवू घालण्यात प्रेम दिसत असलं तरी मांजराचं नुकसान होतं. हेही मला उशिराच कळलं.

ट्रेच्या खोक्याचं मात्र पहिल्यांदा चुकलं, ते तुम्हीच कबूल केलंत म्हणून लिहिते. सात इंचांचं गोल भोक पाडलंत, "खांदे जाणार नाहीत" म्हणालात. खांदे गेले नाहीत. पण जिलबीचं तोंड गेलं, आणि मांजराच्या ट्रेमधला ऐवज कुत्र्यांना किती प्रिय असतो हे तुम्हाला त्या दिवशी पाहावं लागलं. तुम्ही चहा अर्धा ठेवलात. दुसऱ्या दिवशी न बोलावता आलात, आत आडवी फळी टाकून बोळ वळवलात. सुभेदार वळतो, जिलबीची मान वळत नाही. त्या दिवसाची मजुरी घेतली नाहीत, चूक माझी होती म्हणालात.

भुंकण्याचं तर मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं. सोसायटीत तेव्हा आमच्यावर कागद फिरत होता. मी उत्तराची तयारी करून ठेवली होती. भारतीय पशु कल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक छापून आणलं होतं, त्यात स्पष्ट आहे की बहुमतानं ठराव करूनसुद्धा सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. राज्यघटनेचं ५१-ए (जी) कलमही अधोरेखित केलेलं, सजीवांबद्दल दयाभाव बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणणारं. तुम्ही ते टेबलावर पाहिलंत, बाजूला सारलंत आणि दाराशी उकिडवे बसलात. दाराखाली बोटभर फट. जिन्यातून कुणी गेलं की पायाची सावली फटीतून सरकते, आणि जिलबी तिच्यावर भुंकते. "कागदानं माणसं गप होतील ताई, कुत्री नाही होणार." रबराची पट्टी मारलीत. खर्च शंभरच्या आत. भुंकणं अगदी थांबलं असं नाही, दूधवाला अजूनही तिला शत्रूच वाटतो, पण तो कागद पुढं फिरला नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी परवा जिलबीसाठी शिळी पोळी घेऊन आल्या.

दिवाणाखालच्या कप्प्याबद्दल थोडक्यात लिहिते. तुम्ही ड्रॉवर काढून तिथं गुहा केलीत, पुढं जाड पडदा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ठोंब्या संध्याकाळी सातला आत गेला आणि सकाळी बाहेर आला. आधीच्या दिवाळीत तो बाथरूममध्ये कमोडमागं थरथरत होता, तीस किलोचा कुत्रा.

द्राक्षांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तिथं तुम्ही आमचं नक्की किती वाचवलंत हे तुम्हाला माहीत नाही. फेब्रुवारीत निफाडच्या मामांकडून पेटी येते. नाशकात कुणाच्या घरी येत नाही? ती जमिनीवरच ठेवायची आमची रीत. तुम्ही काम करत होतात तेव्हा मी सहज बोलून गेले होते की द्राक्षं कुत्र्याला चालत नाहीत. तुम्ही हसलात, "नाशकातल्या कुत्र्याला?" पण जाताना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, "जि. उडी"च्या वर, एक फळी वेगळी ठोकून गेलात आणि पेन्सिलीनं लिहिलंत: पेटी. खरंच चालत नाहीत, मिस्त्री. द्राक्षं आणि मनुका, दोन्हीनं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला थोडीच बाधतात, त्यामुळे अंदाज बांधता येत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. ते चिंचेतही असतं. यंदा पेटी आली तेव्हा मी ऑफिसात, आई देवळात. शेजारच्या मुलानं पेटी आत आणून दिली आणि कुठं ठेवू म्हणून इकडंतिकडं पाहिलं. तुमचं अक्षर दिसलं, त्यानं तिथं ठेवली. मी घरी आले तेव्हा ठोंब्या त्या फळीखाली लाळ गाळत बसला होता. फरशीवर हे एवढं थारोळं. पेटी जशीच्या तशी.

मी तिथंच खाली बसले. तेव्हाच फोन लावला होता तुम्हाला, पहिल्यांदा.

हिशेबाचंही राहून गेलंय. नऊ दिवस काम केलंत, सहा दिवसांचे पैसे सांगितलेत. बसून राहिलेला दिवस धरला नाही, चुकलेला धरला नाही, आणि तिसरा कोणता हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक तो, ज्या दिवशी जिलबी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि तुम्ही जेवणाच्या सुट्टीनंतरही पाऊण तास हललात नाहीत. हातात रंधा तसाच. आई म्हणाली, "घाबरलाय बिचारा." मला तसं वाटलं नाही, पण मी विचारलं नाही. त्या तीन दिवसांचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. या नाहीतर सांगा कुठं पाठवू.

उन्हाळ्यात लाकूड आकसेल, पाचरा सैल पडतील, लाकडी ठोकळा ठेवून हळू हाणा, असं सांगून गेला होतात. मार्चपासून दोनदा ठोकल्या. खिडकीजवळची अजून किंचित कुरकुरते, सुभेदार वरून धप्पकन उडी मारतो तेव्हा. एकदा येऊन बघाल तर बरं.

तुमची पेन्सिल माळ्याखालच्या फळीवर राहिली होती. सुभेदार ती रोज खाली पाडतो, ठोंब्या उचलून आणून आईच्या पायाशी टाकतो, आई परत वर ठेवते. निम्मी चावली गेली आहे. नवी घेऊन या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई
पाथर्डी फाटा, नाशिक