दारात उभा राहू नकोस

चि. निनाद,

सोमवारी तू फोन केलास तेव्हा मागे वारा ऐकू येत होता. "आई, मुंब्रा येतंय, आवाज तुटेल" म्हणालास आणि तुटलाच. तेव्हापासून ठरवलंय गाडीबद्दल एक अक्षर काढायचं नाही, पस्तिशीचा झालास, तुला कळतं. पण वारा येत होता म्हणजे तू लोकलच्या दारात होतास ना?

असो. मृण्मयी म्हणाली चिऊला सहा दिवसांत एकदाही नेब्युलायझर लावावा लागला नाही, मी लगेच देवापुढे साखर ठेवली. इथे सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर आत्ता बोट फिरवलं तर मैदानाची लाल माती आली बोटाला. पोरीने दोन हिवाळे ह्याच खिडकीत बसून काढले. तुम्ही गेलात ते बरोबरच केलंत, दीड खोलीत पाच माणसं, तुझा बिछाना पॅसेजमध्ये आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणत किती वर्षं थांबायचं माणसाने.

बाबांचं मनावर घेऊ नकोस. कपाट टेम्पोत चढत असताना "शिवाजी पार्क सोडून डोंबिवलीला कोण जातं" हे सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, मी त्यांना सांगितलंय. पण आप्पांनी पागडी भरून घेतलेली जागा रे ती. मैदान १९२५ चं, शंभरी झाली, त्यातली सत्तर वर्षं ह्यांनी पाहिलीत, तुला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाला सोडून कट्ट्यावर तासभर बसून राहायचे, तू दोराला घाबरायचास ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, तूच सांगितलंस नंतर. हल्ली कट्ट्याची एक फेरी जास्त मारतात आणि आल्या आल्या विचारतात, फोन आला का.

आणि मी कुठली? १९८८ ला लग्न करून आले तेव्हा डोंबिवलीत आमच्या अख्ख्या चाळीला सांगितलं होतं माझ्या आईने, पोरगी दादरला पडली, शिवाजी पार्कला, आता गाडीचे हाल संपले. माझ्या वडिलांनी, भाऊंनी बत्तीस वर्षं केली ती गाडी, व्हीटीपर्यंत सव्वा तास, उभ्याने. सातची गाडी चुकली की आई गॅस बंद करायची आणि मी पळत जाऊन स्टेशनच्या पुलावर उभी राहायचे. वरून नुसती डोकी दिसतात, भाऊंचं टक्कल ओळखू यायचं. एकदा साडेदहा वाजले, ओव्हरहेड वायर तुटली होती, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

म्हणून सांगते, ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर माणसं पडली ती दारातलीच होती. कामाला निघालेली, डबे घेऊन. तुझ्यासारखीच पोरं. तू कल्याणहून भरून येणारी फास्ट सोड, डोंबिवलीतून सुटणारी धर, स्लो तर स्लो. नाहीतर डाऊन करून कल्याणला जा आणि बसून ये. नाहीतर एसीचा पास काढ, महाग आहे माहितेय, फरकाचे पैसे मी देते, माझ्या पेन्शनचं मी काय करणार आहे दुसरं. उशीर झाला तर साहेबाला सांग उशीर झाला. सॅक पाठीला नाही, पुढे.

बघ, बोललेच. रागावू नकोस. तुझ्या हिमतीवर, कुणाकडे एक पैसा न मागता दोन बेडरूमचं घर घेतलंस, हे मी समोरच्या काकूंना तीनदा सांगितलंय आणि बाबा आत बसून ऐकत होते, काही बोलले नाहीत. पाडव्याला फडके रोडच्या शोभायात्रेत चिऊला नऊवारी नेसवणार आहे, माझ्या माहेरच्या गावाला माझी नात दिसू दे.

निळा डबा इथेच राहिलाय, त्यात मेतकूट भरून आणते. शुक्रवारी येतो आम्ही. बाबा टॅक्सी म्हणतात, मी लोकलच म्हटलंय, दुपारच्या गाडीला गर्दी नसते. त्यांना मृण्मयीकडे सोडून मी सातच्या सुमारास पुलावर येईन. तू कुठल्या डब्यातून उतरतोस तेवढं कळव.

आई