काम नाकारायचं कसं, पैसे मागायचे कसे

उट्रेख्त, ९ नोव्हेंबर

चि. शुभदा, अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस की निघायच्या वेळेलाच शेजारच्या टेबलावरची फाइल तुझ्याकडे सरकते. त्यासाठी इथल्या डच लोकांसारखं तोंडावर ‘नाही’ म्हणायला हवं असं नाही. आपल्याकडे त्याने माणसं दुखावतात आणि कामही अडतं.

गोष्ट बिघडते ती बहुतेकदा कारणांपाशी. ‘आज नको, सासूबाई यायच्यात’ म्हटलंस की लगेच ‘मग उद्या कर’ येतं. जितकी कारणं जास्त, तितकी खोडायला सोपी. खरं असेल ते एकच सांग, नाहीतर एकही नको.

वारंवार होणाऱ्या त्रासाबद्दल बोलताना शॅरन आणि गॉर्डन बॉवर या अमेरिकन दांपत्याने १९७६ मध्ये ठामपणे बोलण्यावरच्या पुस्तकात मांडलेल्या चार पायऱ्या उपयोगी पडतात. काय घडलं, त्याने काय वाटतं, काय हवं, तसं झालं तर काय होईल. ऑफिसात भावनेऐवजी परिणाम सांगितलेला बरा. भावनेची टिंगल होते, चुकलेल्या बसची होत नाही. म्हणजे असं: ‘या महिन्यात चार वेळा साडेपाचनंतर फाइल आली. माझी बस चुकते. यापुढे तीनच्या आत द्या, म्हणजे मी नीट तपासून देईन.’

यातला आकडा महत्त्वाचा. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ म्हटलं की वाद ‘नेहमी’वर जातो. ‘मला गृहीत धरता’ म्हणजे त्यांच्या मनातलं ओळखणं; ते तेवढंच नाकारतात आणि फाइल तुझ्याच टेबलावर राहते. ‘जरा समजून घ्या’ने काहीच ठरत नाही. आणि साहेबांकडे जायचं नसेल तर साहेबांचं नाव काढू नकोस.

आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा. बोलून झालं की गप्प राहा. ती शांतता सोसवत नाही म्हणून ‘बरं, आजच्या दिवस करते’ निघून जातं. तिसऱ्यांदा मागितल्यावर हो म्हटलंस, तर पुढच्या वेळी तीनदा मागायचं हे त्यांना पक्कं कळतं. नाही म्हणताना हसू नकोस. आपण सगळ्याच हसतो, आणि मग ते खरं वाटत नाही.

‘वजन वाढलंय गं’ म्हणणाऱ्या काकूंना ‘हो, वाढलं असेल’ एवढंच पुरे. सफाई दिली की विषय लांबतो. हे नवऱ्यासमोर मात्र वापरू नकोस, जवळच्या माणसाला ते कोरडं लागतं.

उसने पैसे मागताना ‘हवे होते’ नको. ‘गणपतीत दिलेले ५,००० रुपये शनिवारपर्यंत हवेत, जीपे चालेल’ असा व्हॉट्सअॅप कर. रक्कम आणि वार लिहिलेला असला की विसरल्याची सबब उरत नाही.

सुरुवात सासूबाईंपासून करू नकोस. प्रसंगांना शून्य ते दहा भीतीचे गुण दे आणि दोन-तीनवाल्यापासून लाग: रिक्षावाल्याकडून उरलेले सुटे मागणं, दुकानात खराब टोमॅटो परत करणं. ते अंगवळणी पडलं की पुढचा प्रसंग. जिथे मारहाणीची भीती असते तिथे यातलं काहीच चालत नाही. तुझ्या मैत्रिणीला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर दे.

फाइलवाल्यांना सांगायचं वाक्य आधी लिहून मला पाठव. आईबाबांना नमस्कार.

तुझी,
ताई